बँकेतल्या बाकावरची गादी

अजीजचाचांना गर्दीतला एकटा माणूस ओळखता येत असे. बसस्थानकावर, दवाखान्याच्या दारात, तहसीलच्या पायऱ्यांवर कोण नुसता कामाला आला आहे आणि कोण कामाला एकटा आला आहे, यांतला फरक त्यांना लांबून कळे. कसा कळतो, हे मी त्यांना एकदोनदा विचारून पाहिले. त्यांनी भुवईवरचा कापूस पुसला आणि विषय बदलला.

भुवईवर कापूस असणे हे त्यांच्या धंद्याचेच लक्षण होते. मेहकरच्या बसस्थानकाकडून जुन्या वस्तीत शिरताना त्यांचे गाद्या-रजयांचे दुकान लागे. त्यांचे वडील हाताने कापूस पिंजत, चाचांच्या काळात विजेचे यंत्र आले. ते सुरू झाले की दुकानात धुके पसरे आणि त्यातून चाचांची टोपी, मग नाक, मग हसू असे क्रमाक्रमाने प्रकट होई. समोरच्या माडीवर मी भाड्याने राहत होतो. बँकेच्या मेहकर शाखेत माझी नुकतीच बदली झाली होती. येता-जाता आमचा नमस्कार होई, त्यापलीकडे ओळख नव्हती.

ती झाली माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी. वडील बुलढाण्याच्या दवाखान्यात होते, पत्नी बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. सकाळी पिशवी घेऊन मी खाली उतरलो, तेव्हा चाचा दुकानाच्या फळ्या काढत होते.

"साहेब, एकटेच निघाले?"

मी कारण सांगितले. त्यांनी काढलेली फळी पुन्हा बसवली, आतून एक चौकोनी उशी उचलून काखेत मारली आणि माझ्याबरोबर चालू लागले. मी संकोचाने म्हटले, "अहो, तुमचं दुकान आहे."

"दुकान कुठी जाते?" ते म्हणाले.

एसटीने आम्ही बुलढाण्याला पोहोचलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी उशी फरशीवर टाकली, मला तीवर बसवले आणि स्वतः भिंतीला टेकून बसले. धीर देणारे एक वाक्यही त्यांनी उच्चारले नाही. दुपारी वडिलांना बाहेर आणले, तेव्हा मात्र स्ट्रेचरच्या दुसऱ्या बाजूला त्यांचा हात होता. परतीच्या भाड्याचे पैसे मी देऊ लागलो, तर त्यांना राग आला. चहा मात्र त्यांनी हक्काने मागून घेतला. "च्या चालते," ते म्हणाले. सोबतीचा एवढाच दर त्यांनी आयुष्यभर लावला.

या सवयीचा चाचींना फार जाच होई. त्या दुकानामागच्या खोलीतून मोठ्याने, मला ऐकू जावे अशा बेताने म्हणत, "कोई बी बोला चलो, के ये चले! गाँव भर की रजई सीते, और घर की रजई में से पाँव बाहर." चाचा आतल्या बाजूला न पाहता हसत. पण कोणी दारात येऊन "चाचा आहेत का?" म्हणून विचारले की चाचीच आधी उशी काढून देत, हेही मी पाहिले आहे.

चाचांना कायद्यातले, दवाखान्यातले किंवा सरकारी कामातले काहीही कळत नसे आणि कळते असे त्यांनी कधी भासवले नाही. शेजारच्या आळीतल्या जोशी गुरुजींचा घराच्या भिंतीवरून भावकीशी दावा चालू होता. गुरुजी वृद्ध, सोवळ्याचे. मुले दूर. पहिल्या तारखेपासून चाचा त्यांच्यासोबत कोर्टात जात. गुरुजी घरचा डबा एकटे बाजूला बसून खात, चाचा तेवढा वेळ पाठ करून उभे राहत. एकदा न्यायाधीशांच्या नजरेत ही टोपी भरली. गुरुजी तो संवाद पुढे अनेकांना रंगवून सांगत.

"आपण कोण? वकील?"

"नाई, साहेब."

"नातेवाईक?"

"नाई, साहेब."

"साक्षीदार?"

"म्या काईच पाह्यलं नाई, साहेब."

"मग आपण कशाला आलात?"

"हे एकटे येऊन राह्यले व्हते."

न्यायाधीशांनी चाचांना बसायला सांगितले. दाव्याचे पुढे काय झाले, ते मला आठवत नाही. गुरुजींनाही सांगताना तो भाग महत्त्वाचा वाटत नसावा.

मला स्वतःला चाचा खऱ्या अर्थाने समजले ते आमच्या बँकेच्या पैशाच्या मशीनपायी.

ते बोंडअळीचे साल होते. बीटी कपाशी आल्यापासून बोंडे एकदम फुटत, शिवार एका आठवड्यात पांढरे होई आणि वेचणाऱ्या बायांच्या टोळ्यांना मालक मोटारसायकलवरून शोधत फिरत. त्या वर्षी मात्र गुलाबी अळीने बोंडे आतून पोखरली. किडकी बोंडे वेचायला वेळ दुप्पट लागे, पिशवीत वजन भरत नसे, आणि मजुरी तर किलोवर. शिवाय त्या कपाशीने अंगाला खाज सुटे. बाया संध्याकाळी हात खाजवत घरी परतत आणि हाती आलेला पैसा निरखून घेत.

मेहकरजवळच्या एका खेड्यातली सुमनबाई अशाच एका टोळीची मुकादमीण होती. पहाटे दारोदार हाक मारून बाया गोळा करायच्या, मालकाशी भाव ठरवायचा, मोजणीच्या वेळी काट्यापाशी उभे राहायचे आणि बाजाराच्या दिवशी सगळ्यांची मजुरी वाटायची, हे तिचे काम. तिच्याजवळ भांडवल म्हणाल तर तिची हाक होती. त्या हाकेवर बाया दार उघडत.

मालकाने त्या आठवड्याची सगळी मजुरी पहिल्यांदाच सुमनबाईच्या खात्यात भरली. बाजाराच्या दिवशी टोळी मेहकरात आली. बाया समोरच्या कापडाच्या दुकानापाशी थांबल्या आणि सुमनबाई कार्ड घेऊन बसस्थानकाजवळच्या आमच्या मशीनच्या खोलीत शिरली. तिने आकडे दाबले. आत नोटांची फडफड सुरू झाली, आणि त्याच क्षणी विजेची लाईन गेली. काही वेळाने मशीन पुन्हा जागे झाले, तिचे कार्ड तेवढे बाहेर आले आणि पडदा पहिल्यासारखा स्वागत करू लागला. मागच्या रांगेतून लोक ओरडत होते. कार्ड कागदात गुंडाळून, कमरेच्या बटव्यात खोचत ती बाहेर आली आणि म्हणाली, "पैसे नाई निंघाले वं."

कापडाच्या दुकानापाशी कौसाबाई सर्वांत पुढे उभी होती. ती टोळीतली जुनी आणि तोंडाने फटकळ होती. तिने काचेच्या दारातून पाहिले होते ते एवढेच, की सुमनने काहीतरी कमरेला खोचले. तेवढ्यात कोणाच्या तरी मोबाइलवरून खात्री झाली की खात्यातून पैसे वजा झाले आहेत.

"म्या माह्या डोयानं पाह्यलं," कौसाबाई भर बाजारात म्हणाली. "तिनं कमरीत खोचलं."

बाया रिकाम्या पिशव्या घेऊन गावी परतल्या. दुसऱ्या दिवशी सुमनबाईच्या हाकेला एकही दार उघडले नाही.

त्याच सकाळी बँक उघडली तेव्हा ती चाचांसोबत आली. मशीनच्या दाराशी ती एकटीच बसलेली चाचांना दिसली होती. तिला बँकेत आत यायचे धैर्य होत नव्हते, मशीनसमोरून उठायचेही धैर्य होत नव्हते. मी संगणकात पाहिले. व्यवहार पूर्ण झाल्याची नोंद होती.

"मशीनने पैसे दिले आहेत असं इथं दिसतंय," मी म्हणालो.

"मंग मशीनलेच इचारा ना साहेब, कोनाले देल्ले?"

मी तिची तक्रार नोंदवली. तक्रार वरच्या कार्यालयात जाईल, तिथे तपासणी होईल, रक्कम अडकलेली आढळल्यास खात्यात आपोआप जमा होईल, तोवर वाट पाहावी, असे सांगितले. मी बोललो ते सर्व नियमाला धरून होते. आजही त्यातले एक वाक्य खोटे ठरवता येणार नाही. परंतु माझे बोलणे चालू असताना तिचे लक्ष माझ्या तोंडाकडे नव्हतेच, ते दाराकडे होते. पैसे उशिरा मिळाले तरी तिला चालणार होते. तोवर गावात कोणत्या तोंडाने फिरायचे, हा तिचा प्रश्न होता, आणि त्याचा रकाना माझ्या संगणकात नव्हता. चाचा जवळ उभे होते. जाताना त्यांनी आमच्या लोखंडी पट्ट्यांच्या बाकावर वितीने काहीतरी मापले, हे माझ्या लक्षात आले आणि मी ते विसरून गेलो.

त्याच दिवशी चाचा सुमनबाईच्या गावी गेले. तिथली हकिकत मला नंतर चाचींकडून कळली. ते थेट कौसाबाईच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तुले तुहे पैसे पायजेत ना?"

"मंग! फुकटात खाज घेतली का अंगाले?"

"मंग उद्या बँकेत चाल."

"मी कायले येऊ त्या चोरटीच्या सोबत?"

"तिच्यावर नजर ठेवाले," चाचा म्हणाले. "एकटी गेली त तुले काय सांगतलं, कोनाले मालूम?"

हे कौसाबाईला पटले.

दुसऱ्या दिवशी तिघे आली. चाचांच्या खांद्यावर एक लांबट, अरुंद, नवी शिवलेली गादी होती. त्यांनी ती बाकावर अंथरली. बरोबर बाकाएवढी. एका टोकाला सुमनबाई बसली, दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून कौसाबाई, मधे चाचा. आमचे शाखाधिकारी पुण्याकडचे होते. माणूस वाईट नव्हता, पण इथली बोली कानावर पडली की त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात एक हसू येई. ते केबिनमधून बाहेर आले.

"हे काय आहे?"

"गादी हाये, साहेब."

"ते दिसतंय मला. कशासाठी?"

"तुमचं काम लांबन म्हनून," चाचा अदबीने म्हणाले.

त्या उत्तरात टोमणा होता की नव्हता, यावर शाखाधिकाऱ्यांनी आणि मी पुढे दुपारच्या चहाला चर्चाही केली. मी अजूनही निश्चित सांगू शकणार नाही. चाचांचा चेहरा साफ होता. काम लांबणार, बसायचे तर नीट बसावे, असा त्यांचा सरळ हिशेब असावा. परिणाम मात्र विलक्षण झाला. त्या बाकावर पूर्वी माणूस चुळबुळत बसे आणि "उद्या या" म्हटले की उठून जाई. आता पेन्शनवाले म्हातारे, पीकविम्याची चौकशी करणारे शेतकरी, कोणीही त्या गादीवर टेकला की उठेना. प्रत्येक जण सुमनबाईची कथा ऐके आणि दुसऱ्याला सांगे. शाखाधिकाऱ्यांच्या केबिनची काच नेमकी त्या बाकासमोर होती.

तिघे रोज येऊ लागली. सुमनबाई माझ्याकडे येऊन विचारी, मी उत्तर आले नाही म्हणून सांगे, ती परत जाऊन बसे. कौसाबाई तिच्याशी अक्षर बोलत नसे. चाचांनी दोघींत समेट घडवण्याचा कसलाही प्रयत्न केला नाही. ते मधे बसून कधी डुलकी घेत, कधी गादीच्या शिवणीतला एखादा सैल टाका बोटाने दाबून बघत. मला ते जरा निष्काळजीपणाचेही वाटले. यांनी काही बोलायला नको का, असे मनात आले.

अखेर वरच्या कार्यालयाचे उत्तर आले. व्यवहार यशस्वी, तक्रार बंद. ते सुमनबाईला सांगण्याआधी, पुन्हा एकदा दाद मागता येईल का पाहावे, म्हणून मी तिला बोलावले.

"कार्ड बघू जरा."

तिने कमरेचा बटवा सोडला, कागदाची पुडी काढली, उलगडून कार्ड माझ्यासमोर ठेवले. मी त्यावरचा क्रमांक टिपून परत दिले. तिने ते पुन्हा कागदात गुंडाळले, घडीवर घडी घालून चांगले जाड केले आणि कमरेला खोचले.

मागे गादीवरून कोणीतरी उठल्याचा आवाज आला.

"काय वं," कौसाबाई म्हणाली, "त्या दिशी तू हेच खोचलं व्हतं काय?"

"मंग काय खोचीन? माहं नशीब?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू इचारलं काय? तू त इचाराच्या आंधी चोर म्हनलं."

कौसाबाईने तिच्या कमरेकडे पुन्हा एकदा पाहिले. मग एकदम वळली आणि थेट केबिनमध्ये शिरली. इतक्या दिवसांचा तिचा राग तसाच शाबूत होता, फक्त आता त्याने तोंड फिरवले होते.

"साहेब, ह्या बाईनं पैसे घेतले नाई. म्या पाह्यलं."

"बाई, मशीन यशस्वी दाखवतंय. मशीन खोटं बोलत नाही."

"लाईन गेल्यावर मशीन आंधयं व्हते, साहेब. थे काय पाह्यते कोनी घेतले न् कोनी नाई? म्या पाह्यलं. डोये माह्ये हायेत, लाईनीवर नाई चालत."

बाकावरचे सगळे उठून काचेपाशी आले होते. शाखाधिकाऱ्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात त्या दिवशी हसू नव्हते. मशीनमध्ये रोकड भरणाऱ्या एजन्सीला त्यांनी तिथूनच, सगळ्यांच्या देखत फोन लावला आणि मशीन उघडून ताळा करायला सांगितले. आत सुमनबाईच्या नोटा जास्तीच्या निघाल्या. अर्ध्या वाटेवर येऊन, लाईन गेल्यावर त्या आतल्या कप्प्यात परत पडल्या होत्या.

रक्कम खात्यात आली त्या दिवशी पूर्ण टोळी बँकेत आली. सुमनबाईने या वेळी मशीनकडे न जाता खिडकीवरून पैसे घेतले आणि त्याच गादीवर बसून मजुरी वाटली. कौसाबाईची पाळी शेवटी आली. तिने आपल्या नोटा मोजल्या नाहीत. सुमनबाईने दिल्या तशाच त्या घेऊन तिने कमरेला खोचल्या आणि म्हणाली, "सकायी हाक दे. पयली मलेच दे."

चाचा तेव्हा बाहेर चहाच्या टपरीवर होते. शाखाधिकाऱ्यांनी मला त्यांच्याकडे निरोप देऊन पाठवले, की गादी आता घेऊन जावी.

"राहू द्या, साहेब," चाचा बशीत चहा ओतत म्हणाले. "तिथी लोक बसतेत."

मी न राहवून त्यांना विचारले, "चाचा, तुम्हांला आधीच कळलं होतं ना, बाईनं कार्ड खोचलं म्हणून? म्हणूनच तुम्ही कौसाबाईला रोज घेऊन येत होता?"

"मले कार्ड काय समजते, साहेब?" ते म्हणाले. "दोघी गावात दोन ठिकानी बसल्या असत्या त भांडन वाढलं असतं. एका बाकावर बसवल्या. आजून म्या काय केलं?"

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या दिवसांत मी सुमनबाईशी रोज बोललो आणि चाचा जवळजवळ काहीच बोलले नाहीत. मी तिची तक्रार हाताळली. चाचा तिच्या बाजूला बसले, आणि तिला चोर म्हणणाऱ्या बाईच्याही बाजूला बसले. ते दोन्ही एकाच वेळी करता येते, हे मला त्या वयापर्यंत ठाऊक नव्हते. आता चाळिशी उलटली तरी ते मला जमते असे म्हणवत नाही.

पुढे माझी बदली झाली. मेहकर सुटले, चाचांची खबर अधूनमधून मिळे. डोळे अधू झाले, चाची गेल्या, यंत्र विकले. मी येऊन जाईन असे प्रत्येक वेळी ठरवले.

मेहकरात घेऊन ठेवलेल्या एका लहानशा प्लॉटच्या फेरफारासाठी एकदा मला तहसील कचेरीत जावे लागले. व्हरांड्यात गर्दी होती. मी कागद हातात घेऊन भिंतीपाशी उभा होतो. पलीकडच्या खिडकीतून कारकुनाचा आवाज आला.

"या बाबांच्या बोटाचे ठसे रेशनच्या मशीनवर उमटत नाहीत, ते समजलं. पण तुम्ही दोघी कोण? मुली?"

"नाई, साहेब," एक बाई म्हणाली.

"मग सुना?"

"आमी कपाशी येचतो, साहेब," दुसरी म्हणाली. तो फटकळ आवाज मी कोठेही ओळखला असता. "बाबा एकटे येऊन राह्यले व्हते."

मी गर्दीतून पुढे झालो. बाकावर सुमनबाई आणि कौसाबाई यांच्या मधे चाचा बसले होते. फार वाळले होते. जन्मभर कापूस हाताळून गुळगुळीत झालेली बोटे त्यांनी गुडघ्यांवर पसरून ठेवली होती, मशीनने नाकारलेली वस्तू परत ताब्यात घेतल्यासारखी. खाली तीच जुनी चौकोनी उशी होती. मी वाकून नाव सांगितले. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वर केली, माझ्या आजूबाजूला कोणाची तरी चाहूल घेतली, आणि मला त्यांचा प्रश्न तो उच्चारला जाण्याआधीच कळला.

"एकटेच आले, साहेब?"

मी हो म्हणालो.

"सुमन, सरक थोडी," चाचा म्हणाले, आणि स्वतःच्या खालची उशी ओढून त्यांनी माझ्यासाठी जागा केली.